६२ पोती पाल्याविषयी: आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

संक्रांत झाली. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या बदामाची पाने तांबडी होऊ लागली आहेत. आणखी तीन-चार आठवड्यांत मागच्या भिंतीलगतचे दोन पर्जन्यवृक्ष पाने ढाळू लागतील, मग सोनमोहोर, आणि शिमग्याच्या सुमारास पिंपळ. चित्रांतली पानगळ परदेशातल्या ऑक्टोबरची असते, पुण्याची माघ-फाल्गुनातली. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. पाला पडायला लागल्यावर लिहिले तर उशीर झालेला असेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या आवारात ६२ पोती पाला गोळा झाला. झाडलोट झाली की मी गॅलरीतून पोती मोजायचे आणि कॅलेंडरवर रेघा मारायचे. त्यांतली १० पोती मी मागून घेतली. ताणकाट्याला लावली तेव्हा एकेक पोते सरासरी ६ किलो भरले. उरलेली ५२ पोती जनरेटरच्या खोलीपलीकडे रिकामी झाली आणि पेटवली गेली.

हिवाळ्याच्या शेवटी पहाटे हवा जड असते, धूर वर जात नाही. तो ए विंगच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर रेंगाळतो आणि खिडक्यांतून आत येतो. पाला कधी पुरता कोरडा नसतो, रात्रीच्या दवाने खालचा थर ओला राहतो, त्यामुळे तो धडाडून पेटत नाही, नुसता धुमसतो. अशा अर्धवट जळण्यातून बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त बाहेर पडतो. त्या महिन्यांत ए विंगमधल्या एका चिमुरड्याला दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. कारण एकटा धूरच होता असे मी म्हणणार नाही. पण त्याची आई ओला टॉवेल खिडकीच्या फटीत कोंबताना मी पाहिली आहे.

पाला पेटवतात आपले वॉचमनकाका, आणि त्यांना तसे सांगितलेले असते. एकदा मी त्यांच्याशी बोलायला खाली गेले. ते बीड जिल्ह्यातले, घरी कोरडवाहू शेती. म्हणाले, "गावाकडं उकिरडा कोणी पेटवत नाही ताई. आमचा बाप पालापाचोळा गोठ्यात टाकायचा, जनावराखाली भिजला की उकिरड्यावर. मिरगाच्या आधी गाडी भरून रानात." मग काठीने ढीग सारखा करत ते गप्प झाले. आपल्या आवारात खताची जाण असलेला बहुधा सर्वांत अनुभवी माणूस हाच, आणि आपण त्याच्या हातात काडेपेटी दिली आहे. हे मला फार लागले.

कायद्याचे एकदाच सांगते. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत रस्ते झाडणाऱ्यांनी पाला जाळू नये, वेगळा साठवून द्यावा, असे स्पष्ट लिहिले होते. मला कोणाची तक्रार करायची नाही. तशी इच्छा असती तर हे पत्र आपल्याला लिहिले नसते.

मला बोलायचे आहे ते आपल्या दोन बंद टाक्यांविषयी.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आपण बागेमागे खतासाठी विटांच्या दोन टाक्या बांधल्या. ८४ घरांचा ओला कचरा तिथे जाऊ लागला. दोन माणसांच्या माझ्या घरात महिन्याला साधारण १५ किलो निघतो, म्हणजे दिवसाला अर्धा किलो. हाच अंदाज धरला तरी ८४ घरांचे दिवसाला ४२ किलो. भाजीची देठे, चहाचा चोथा, आंब्याच्या साली, उरलेला भात, आणि वरून पाऊस. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांतून काळे पाणी वाहू लागले, जुलैत अळ्या भिंतीवर चढल्या, ऑगस्टच्या विशेष सभेत प्रकल्प बंद झाला. त्या ठरावाला मीही हात वर केला होता. वास खरोखर असह्य होता.

पण त्या सभेत कोणी विचारले नाही, आणि मलाही तेव्हा सुचले नाही, की टाक्यांत सुके काय पडत होते? काहीच नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण सगळा पाला जाळून मोकळे झालो होतो. ज्या वस्तूने त्या टाक्या वाचल्या असत्या, ती त्यांच्यापासून वीस पावलांवर राख झाली होती.

मला हे कळायला आणखी एक वर्ष आणि दोन फसलेल्या बादल्या लागल्या. पहिली बादली मी टाकीसारखीच भरली, नुसता ओला कचरा, आणि आठ दिवसांत गॅलरीत सडक्या अंड्यांचा वास सुटला. दुसऱ्या वेळी उलट चूक केली. बदामाची मोठी चिवट पाने आणि आंब्याचा पाला अख्खाच्या अख्खा भरला, चमचाभर कचरा टाकला आणि वाट पाहिली. चार महिन्यांनी पाने होती तशीच होती, फक्त धूळ बसलेली.

पान गळून पडण्याआधी झाड त्यातला बराचसा नत्र (नायट्रोजन) परत ओढून घेते, पुढच्या पालवीसाठी फांदीत साठवते. म्हणून पान पिवळे-तांबडे होते. खाली पडते तेव्हा त्यात उरतो मुख्यतः कर्ब (कार्बन), म्हणजे काड्या, शिरा, कडक सांगाडा. स्वयंपाकघरातला कचरा याच्या उलट: नत्र भरपूर आणि वजनाचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. नुसत्या कचऱ्यात कर्ब कमी पडतो, जास्तीचा नत्र अमोनिया होऊन उडतो आणि नाकाला झोंबतो. पाण्याने सगळ्या फटी बुजल्या की हवा जात नाही, मग सडक्या अंड्याचा वास. नुसत्या पाल्यात नत्रही नाही आणि ओलही नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. दोन्ही एकत्र केले की पाला पाणी शोषून घेतो, मध्ये हवेला वाट ठेवतो, आणि कचरा त्याला नत्र पुरवतो.

आता माझ्या गॅलरीत काय चालते ते सांगते, कारण समितीतल्या कोणी अजून ते पाहिलेले नाही. तीन मातीच्या कुंड्या आहेत, तळाला आणि बाजूंना भोके पाडलेल्या. शेजारी पाल्याची पोती. १० पोत्यांचा पाला पायाने तुडवला की ३ पोत्यांत मावतो. रोज रात्री ओटा पुसून झाला की दिवसभराचा कचरा कुंडीत जातो, मोठे तुकडे असतील तर विळीने बारीक करून. वर दोन-तीन मुठी चुरलेला पाला. वजनाने सांगायचे तर तीन किलो कचऱ्याला एक किलो पाला. कचऱ्याचा एकही तुकडा वरून दिसता कामा नये, हा माझ्या घरातला नियम आहे, आणि चिलटांचा निम्मा प्रश्न त्यानेच सुटतो. सुरुवातीला विरजण म्हणून ओंजळभर जुने खत घातले होते, नसेल तर आंबट ताक शिंपडूनही चालते. आठवड्यातून दोनदा खुरप्याने वर-खाली करते. ओल किती हवी ते मुठीत दाबून पाहायचे: एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर आणखी पाला.

एक कुंडी भरली की दुसरी. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत पहिलीतले खत चाळणीला येते, पावसाळ्यात तीन महिनेही लागतात. मधल्या काळात पांढरी बुरशी येते, ती चांगली खूण आहे. पुढे करडे, भुकटीसारखे धागे दिसतात, आणि त्यानंतर मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीला येतो तोच वास येऊ लागतो. ते काम करणारे सूक्ष्मजीव खरोखर तेच असतात, जमिनीतले. महिन्याला चार-पाच किलो काळे, भुसभुशीत खत निघते. आंब्याच्या कोयी, नारळाच्या शेंड्या, अंड्याची टरफले लवकर कुजत नाहीत, ती चाळणीवर राहतात आणि पुन्हा कुंडीत जातात. तेलकट रस्सा, मासे-मटणाचे उरलेले मी घालत नाही. भात, पोळी थोडी चालते.

पाल्यातही फरक असतो. सोनमोहोर आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने सोने आहेत, चुरावीसुद्धा लागत नाहीत. पिंपळाची पातळ, त्यांची जाळी होते आणि ती बोटांत विरते. बदाम मात्र तुडवून, फोडूनच घालावा लागतो.

मोठ्या प्रमाणावर काय होते हे मी सासवडला भावाच्या परसात पाहिले. त्याने १० फूट लांब जाळी गोल वळवून ३ फूट रुंद, ४ फूट उंच पिंजरा केला आहे. त्यात पाला, घरचा कचरा आणि पाटीभर शेण असे थर. पाचव्या दिवशी मी ढिगात हात घातला आणि लगेच बाहेर काढला, इतका तो आतून तापला होता. थर्मामीटर खुपसला तर ६० अंश सेल्सियस. माझ्या कुंड्या कधी इतक्या तापत नाहीत, ढीग तेवढा मोठा असावा लागतो. त्या उष्णतेत माश्यांची अंडी आणि तणाचे बी मरते.

सासवडला जाताना फुरसुंगी-उरुळी देवाची लागते. बसच्या खिडक्या बंद केल्या तरी आपल्याला कळायचे की पुण्याचा कचरा डेपो आला. एप्रिल २०१७ मध्ये तिथे आग लागली, गावकऱ्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ शहरातल्या गाड्या अडवल्या आणि पुण्याच्या चौकाचौकांत कचरा साचला. तेव्हा आपण सगळे वैतागलो होतो. त्या गावांच्या विहिरी आणि त्या लोकांची झोप यांत आपल्या ओट्यावरच्या भाजीच्या देठांचाही वाटा होता. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन निघतो आणि आगी धुमसत राहतात. माझी सून हे ऐकून म्हणाली, "आई, आपल्या अर्ध्या किलोने काय होणार?" तिला मी उत्तर दिले नाही. फक्त त्या दिवसापासून तिनेही कुंडीत टाकायला सुरुवात केली.

मागच्या महिन्यात समितीपुढे विजेच्या यंत्राचे साडेचार लाखांचे कोटेशन आले आहे. '२४ तासांत खत'. कृपया सही करण्याआधी थांबा. एका दिवसात कचरा तापवून, दळून सुकवता येतो. पण कुजण्याचे काम जिवाणू करतात आणि त्यांना आठवडे लागतात. अशी सुकी भुकटी कुंडीत घालून पाणी दिले की कुजणे तिथून सुरू होते, वासासकट, आणि मुळांना त्याचा त्रास होतो. शिवाय विजेचे बिल आणि दुरुस्ती दरमहा. गेल्या वर्षीच्या हिशेबपत्रकात खत आणि लाल मातीवर ९,४०० रुपये खर्च दाखवला आहे. आपण आपल्या झाडांचे खत जाळतो आणि त्याच झाडांसाठी खत विकत आणतो.

पाल्यावर सगळा प्रश्न सुटेल असे मात्र मी सांगणार नाही. ६२ पोती म्हणजे ३७२ किलो. त्याला तिप्पट ओला कचरा धरला तर ११०० किलोंच्या आसपास, म्हणजे वर्षभर रोज ३ किलो. ते फक्त सहा घरांचे झाले. ८४ पैकी सहा. ही आकडेमोड करून मी बराच वेळ वही उघडी ठेवून बसले होते. आपल्याकडे पाला जास्त झाला आहे असे आपण इतकी वर्षे समजत आलो, प्रत्यक्षात तो फार थोडा आहे. पुण्यात घरी खत करणारी माणसे पाल्यासाठी वणवण करतात. पाला देणारे आणि हवा असणारे यांची गाठ घालून देण्याचे काम 'ब्राऊन लीफ' याच शहरात करते.

म्हणून माझी विनंती लहान आहे.

या वर्षी एकही पोते पेटवू नये. जनरेटरच्या खोलीपलीकडची जागा पाला पेटवण्याऐवजी जाळीच्या पिंजऱ्यांसाठी द्यावी. तुडवल्यावर ६२ पोती तीन पिंजऱ्यांत बसतील, चौथा हाताशी असावा. पिंजरे भिंतीपासून दोन हात दूर, तळालाही जाळी, म्हणजे घुशींना खालून वाट मिळणार नाही. पार्किंगपासून लांब, आणि पाला सतत दमट ठेवायचा, कारण सुका ढीग विडीच्या थोटकानेही पेटतो, ही आपल्यापैकी काहींची भीती योग्य आहे. कचरा नेहमी मधोमध पुरायचा, चारही बाजूंनी वीतभर पाला. शिजवलेले अन्न पिंजऱ्यात नाही. सहा घरे मी तयार केली आहेत, त्यांची संमती सोबत जोडते. विटांच्या टाक्या पाडू नयेत. पुढच्या वर्षी शेजारच्या सोसायट्यांचा पाला मिळाला तर त्या पुन्हा उपयोगी पडतील, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत मी बोलणी सुरू केली आहेत.

ढीग वर-खाली करायला आठवड्यातले तीन तास लागतील. ते वॉचमनकाकांनी करावे अशी माझी इच्छा आहे, पण ड्युटीत फुकट नको. त्यासाठी महिना १,५०० रुपये वेगळे द्यावेत. लाल मातीवरची बचत आणि आम्हा सहा घरांची वर्गणी मिळून ते निघतील. आणि कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंचे या सहा घरांकडचे पैसे आम्ही पूर्ण देत राहू. त्यांची बादली हलकी झाली म्हणून त्यांची कमाई कमी होता कामा नये.

गांडूळखत प्रकल्पाला पुणे महापालिकेने मिळकत करातल्या सर्वसाधारण करात सवलत ठेवली आहे. ती आपल्याला लागू होईल का हे सचिवांनी वॉर्ड ऑफिसात विचारावे. झाली तर उत्तम, नाही झाली तरी पिंजऱ्यांचा खर्च जाळीपुरताच आहे, आणि पहिल्या जाळीचे पैसे मी देते.

यातले काही नवे नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पाल्यापासून माती घडवायला कितीतरी लोकांना शिकवले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून फळझाडे वाढवली, तीही सिमेंटवर. आपल्याकडे तर जमीन आहे, झाडे आहेत, आणि बीडहून आलेला एक जाणता माणूस आहे.

या रविवारी सकाळी ९ ते ११ मी घरी आहे. समितीतल्या ज्यांना शंका आहे त्यांनी जरूर यावे, तिन्ही कुंड्या उघडून दाखवते. वास घ्या, हात घाला. तुमच्याकडून उत्तर येईपर्यंत सोसायटीच्या पाल्याची पोती माझ्या दाराबाहेर ठेवायला सांगितली तरी चालेल. पहिले पोते बहुधा बदामाचेच असेल, ते मी तुडवून घेते.

आपली,
बी विंग, तिसऱ्या मजल्यावरची एक सभासद
कोथरूड, पुणे